कमी उजेडातला खेळ

एडिनबरा मागे टाकून समुद्राच्या कडेने पूर्वेला निघालं की नऊ-दहा किलोमीटरवर मसलबरा गाव लागतं. एस्क नदी इथे फर्थ ऑफ फोर्थच्या खाडीला मिळते. नदीपलीकडे घोड्यांच्या शर्यतीचा लंबगोल पट्टा आहे आणि त्या पट्ट्याच्या पोटात नऊ होलचं एक जुनं गोल्फ मैदान. ओल्ड लिंक्स. शर्यत असेल त्या दिवशी गोल्फ बंद. एरवी पांढऱ्या कठड्यांच्या आतबाहेर चेंडू मारत माणसं फिरत असतात. मैदान सपाट आहे, झाडी फारशी नाही, डोळा अडेल असं काही नाही. डिसेंबरात इथे रंगही मोजकेच उरतात: गवताचा पिवळट हिरवा, पाण्याचा शिसवी, आणि खाडीपलीकडे फाइफच्या किनाऱ्याची निळसर रेघ. भरती आली की ऑयस्टरकॅचर आणि कर्ल्यू किनारा सोडून या गवतावर उतरतात आणि लांब चोची मातीत खुपसत चरत राहतात. हे दोन्ही पक्षी हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरही येतात. खेळणाऱ्यांची त्यांना सवय झालेली असते. चेंडू जवळ पडला तर दोन पावलं सरकतात, एवढंच.

इथल्या हिवाळ्यात सगळ्यात आधी जाणवते ती थंडी नव्हे, उजेडाची चणचण. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि पावणेचार वाजायच्या आत मावळतो. पुरता सात तासांचाही दिवस नाही. भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम अकरा अंश वर येतो. त्याच दिवशी मुंबईत तो सत्तेचाळीस अंशांवर असतो. मध्यान्हीच्या उन्हालाही त्यामुळे संध्याकाळचा तिरपेपणा येतो. माणसाची सावली त्याच्या पाचपट लांब पडते, गवतातली प्रत्येक खळगी उठून दिसते आणि नैऋत्येकडे मारलेला चेंडू उन्हात विरघळून जातो. तो कुठे पडला हे एकट्याला कळत नाही. बाजूला उभं राहून, डोळ्यांवर हात धरून, कुणीतरी पाहावं लागतं. अठरा होलची एक फेरी चालत करायला चार तास लागतात, तेव्हा इथल्या हौशी खेळाडूचा सगळा बेत उजेड केव्हा होतो आणि केव्हा सरतो यावर बसवलेला असतो. साडेनऊला निघालो तर जेवणाच्या वेळेपर्यंत परत. साडेबाराला निघालो तर शेवटचे दोन-तीन होल अंदाजाने.

पण मैदानावर पाऊल टाकायचं की नाही, हे ठरवतात मैदानाची निगा राखणारी माणसं. ती अंधारातच येतात, प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे होलच्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, वाकून गवताला हात लावून बघतात. गवताच्या पात्यात पाणी असतं; पारा शून्याखाली उतरला की ते गोठतं आणि अशा पात्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात. पुढे बुटांचे ठसे काळपट होऊन उमटतात. थंडीत गवत वाढतच नसल्यामुळे ते वसंतापर्यंत भरून येत नाहीत. त्याहून नाजूक वेळ बर्फ वितळण्याची. वरचा बोटभर थर मऊ झालेला, खालची माती अजून दगड. टाच जराशी वळली की त्या दोन थरांच्या मधली मुळं तुटतात. म्हणून एखाद्या स्वच्छ, सोनेरी सकाळी, बाहेरून सगळं ठीक दिसत असताना, खरी ग्रीन्स बंद ठेवतात आणि त्यांच्या अलीकडे फेअरवेवरच, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर, छोटंसं तात्पुरतं ग्रीन आखून देतात. पलीकडच्या मखमली ग्रीनकडे पाहत खडबडीत तुकड्यावर पटर चालवायचा. मला यात एक मोठी शिस्त दिसते. जूनमध्ये जे कुणी खेळायला येतील, ज्यांचे चेहरेही आपल्याला माहीत नाहीत, त्यांच्या गवतासाठी आपण जानेवारीत बाजूने चालायचं.

समुद्राकाठच्या मैदानांचं नशीब त्यातल्या त्यात बरं. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली ही वाळूची पट्टी. पाऊस पडला की पाणी झिरपून जातं. आतल्या भागात चिकणमातीची मैदानं आठवडेच्या आठवडे दलदल होऊन पडतात तेव्हा इथे निदान चालता येतं. थोडी कसर सगळीकडेच करावी लागते. पलीकडे सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरसुद्धा नोव्हेंबर ते मार्च फेअरवेवरचा चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारतात, गवताला जखम होऊ नये म्हणून. इतरत्र चेंडू उचलून, पुसून, पंधरा सेंटिमीटरच्या आत चांगल्या जागी ठेवायची मुभा असते. मुंबईतल्या गोल्फवाल्यांना हीच मुभा पावसाळ्यात ओळखीची आहे. ऋतू वेगळा, चिखल तोच. थंडीत चेंडूही नेहमीसारखा उडत नाही. हवा दाट होते, चेंडूतलं रबर आखडतं, आणि उन्हाळ्यात सात नंबरच्या आयर्नने गाठलेलं अंतर आता सहा नंबरने गाठावं लागतं. चेंडू मुद्दाम गरम करून मारणं नियमात बसत नाही. तेव्हा कमी अंतर पडेल ते मान्य करायचं आणि पुढे चालायचं.

तात्पुरती ग्रीन्स आणि आखूड केलेले होल असताना केलेले गुण सहसा हँडिकॅपच्या, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याच्या, हिशेबात धरत नाहीत. म्हणजे उन्हाळाभर ज्या आकड्यासाठी माणूस जिवाचं रान करतो, तो आकडाच हिवाळ्यात जागेवर गोठून राहतो. चांगलं खेळून तो सुधारत नाही, वाईट खेळून बिघडत नाही. क्लबांच्या हिवाळी स्पर्धा असतात, पण त्या बहुधा स्टेबलफोर्ड पद्धतीच्या आणि जोडीजोडीने खेळायच्या. इंग्लंडमधल्या वॉलसीच्या समुद्राकाठच्या वाऱ्याने सामान्य खेळाडूंचे हाल होतात हे पाहून फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत १९३२ मध्ये तिथे रुजवली. एखाद्या होलवर सगळं बिनसलं तर तिथे शून्य लिहायचं, चेंडू खिशात टाकायचा आणि पुढच्या होलला नव्याने उभं राहायचं. मागचं ओझं पुढे न्यायचं नाही. ही पद्धत एका डॉक्टरला सुचली, याचं मला नेहमी समाधान वाटतं.

मग आकडा नाही, ऊब नाही, धड ग्रीनही नाही, तर माणसं येतात कशासाठी? याचं उत्तर मला इथल्या शनिवारच्या मंडळींकडून मिळालं. गोल्फ चौघांनी खेळायचा खेळ. उन्हाळ्यात या चौकड्या घट्ट असतात. वेळा आधीच भरलेल्या, जोड्या वर्षानुवर्षांच्या. नव्याने आलेला परदेशी माणूस त्यांच्याकडे लांबून पाहतो, एकटाच मधल्या वेळेत खेळून घरी जातो. नोव्हेंबर लागला की चित्र पालटतं. एकाचा गुडघा थंडीत कुरकुरायला लागतो, एक जण मुलीकडे स्पेनला जातो, एकाला डॉक्टर घराबाहेर पडू देत नाहीत. चौकडीत एक जागा रिकामी होते. अशाच एका सकाळी मला फोन आला. बोलणारे गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे, आयुष्यभर छापखान्यात काम केलेले. हवापाण्याचं काही न बोलता त्यांनी एवढंच विचारलं, “येतोयस ना? तू आलास तर आपण चौघं होतो.”

त्या वाक्याचं मोल मला पुढे कळत गेलं. उन्हाळ्यात माझ्या असण्या-नसण्याने कुणाचं काही अडलं नसतं. हिवाळ्यात मी गेलो नाही तर तिघंच उरतात. आणखी एक गळाला तर दोघं. आणि दोघांपैकी एकाने पडदा सरकवून बाहेरची पांढरी सकाळ पाहिली की दुसऱ्याला फोन करून बेत मोडणं फार सोपं असतं. हा खेळ हिवाळाभर चालू राहतो तो कुणाच्या निर्धाराने नाही. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी उठतो म्हणून तो चालू राहतो. पुण्यात पहाटे टेकडीवर जाणाऱ्या मंडळींचं जसं असतं, एखादा दोन दिवस दिसला नाही की उरलेले त्याच्या घरी जाऊन बेल वाजवतात, तसंच हे आहे. ज्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे तेही अकराच्या सुमारास क्लबात येऊन बसतात, सूप मागवतात आणि परतणाऱ्यांना एकेका होलचं विचारून घेतात. त्यांच्यासाठी ती फेरी नीट सांगणं हासुद्धा खेळाचाच भाग असतो.

मी इथला इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आलं की ही मंडळी काही आडवळणाला लागलेली नाहीत. गोल्फच्या मूळ रस्त्यावरच चालत आहेत. गवत कापायचं यंत्र एडविन बडिंगने केलं ते १८३० मध्ये. त्याआधी ही मैदानं राखायची मेंढ्यांनी आणि सशांनी. उन्हाळ्यात गवत गुडघाभर वाढलं की चेंडू सापडणं मुश्कील. थंडीने गवत दबलं की खेळ सुरू. गोल्फ हिवाळ्याचाच खेळ होता. स्कॉटलंडचा चौथा जेम्स राजा अर्ल ऑफ बॉथवेलबरोबर गोल्फ खेळला त्याच्या खर्चाची राजखजिन्यातली नोंद १५०४ च्या फेब्रुवारीची आहे. सर जॉन फाउलिस या वकिलाने मसलबऱ्याला गोल्फमध्ये हरलेले पैसे आपल्या हिशेबाच्या वहीत लिहिले ते १६७२ च्या मार्चच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे इथल्या हवेत अजून थंडीच असताना.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती कोळिणींची नोंद. मसलबऱ्याच्या कोळिणी पाठीवर मासळीची टोपली घेऊन पार एडिनबऱ्यापर्यंत विकायला जात. इथल्या गोल्फ क्लबने डिसेंबर १८१० मध्ये ठराव केला, की नव्या वर्षाच्या दिवशी होणाऱ्या खेळात ज्या बाईचा खेळ सर्वांत चांगला होईल तिला नवी टोपली आणि शाल द्यायची, शिवाय बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमाल. तो दिवस जुन्या दिनगणनेने १ जानेवारीचा. नव्या गणनेने १२ जानेवारी १८११. कोळिणींना ही बातमी कळवावी, असंही त्या ठरावात आहे. बक्षीस कुणाला मिळालं याहून मला त्या सकाळीबद्दल कुतूहल वाटतं. वर्षभर ओझं वाहणाऱ्या बायका सणाच्या दिवशी, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात, याच गवतावर हसत-ओरडत चेंडू मारत असतील. त्यांनाही कुठला आकडा सुधारायचा नव्हता.

उजेडाशी झगडाही इथे जुनाच. १८८९ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा याच नऊ होलवर झाली, आणि तीही ८ नोव्हेंबरला. नऊ होलच्या चार फेऱ्या एकाच दिवसात उरकायच्या होत्या. दिवस पुरला नाही आणि मागच्या जोड्यांनी अंधारात शेवट केला. विली पार्क ज्युनियर आणि अँड्र्यू कर्कल्डी यांची बरोबरी झाली, पुढे जादा सामन्यात पार्क जिंकला. मसलबऱ्यात त्यानंतर ओपन कधी झाली नाही. मोठे खेळाडू, मोठी बक्षिसं आणि प्रेक्षकांची गर्दी उन्हाळ्याबरोबर दुसरीकडे गेली. हिवाळा गावाकडे राहिला.

आपल्या मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगलाही हिवाळ्यातल्या गोल्फने असंच वेड लावलं होतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात त्याने बांधलेल्या घराचं नाव ‘नौलखा’. तिथल्या बर्फात चेंडू दिसावेत म्हणून तो ते लाल रंगाने रंगवून खेळत असे. १८९४ च्या नोव्हेंबरात आर्थर कॉनन डॉइल त्याच्याकडे पाहुणा म्हणून आला तो आपलं गोल्फचं सामान घेऊनच, आणि त्याने किपलिंगला खेळाचे धडे दिले. परक्या मुलखात, बर्फाने वेढलेल्या घरात राहणाऱ्या माणसाला बाहेर पडायला निमित्त लागतं आणि सोबतीला कुणीतरी लागतं, हे मला आता स्वानुभवाने पटतं.

आपल्यापैकी कितीतरी जण आज थंड मुलखांत राहतात. तिथला पहिला हिवाळा अंगावर येतो. कामावर जाताना अंधार, परतताना अंधार. शनिवार-रविवार दिवे लावून घरात बसायचं आणि मार्चची वाट पाहायची. नवी ओळख, नवा छंद, सगळं उन्हाळ्यावर ढकलायचं, असाच बहुतेकांचा बेत असतो. मी त्यांना उलटं सांगतो. ज्या गावी राहता तिथे हिवाळ्यात उघड्यावर चालणारं काय आहे ते शोधा आणि त्यात आत्ताच शिरा. ते गोल्फच असायला हवं असं नाही. टेकड्या चढणारी मंडळी असतील, समुद्रात पोहणारी असतील, पक्षी मोजणारी असतील. एप्रिल आला की मैदानं फुलतात, खरी ग्रीन्स उघडतात, गुण पुन्हा मोजले जातात आणि वेळा भरून जातात. तेव्हा चांगल्या खेळाडूला मागणी असते. जानेवारीत मागणी असते ती येणाऱ्या माणसाला, आणि तेवढं होणं आपल्यापैकी कुणालाही जमतं.