निवृत्तीनंतरचे मैदान

‘डॉक्टर, आता घरात मला कोणी काही विचारत नाही,’ हे वाक्य दवाखान्यात मी वारंवार ऐकतो. बोलणारे कधी निवृत्त मुख्याध्यापक असतात, कधी मुलाच्या हाती दुकान सोपवलेले व्यापारी. अशा वेळी मी त्यांना एका अमेरिकन खेळाडूविषयी सांगतो.

स्केटबोर्ड म्हणजे चार लहान चाके बसवलेली फळी. तिच्यावर उभे राहून तोल सांभाळत उड्या घेण्याच्या खेळात टोनी हॉक चौदाव्या वर्षीच व्यावसायिक झाले. १९९२ साली पेर वेलिंडर या सहकारी खेळाडूसह त्यांनी ‘बर्डहाउस’ ही स्केटबोर्डची कंपनी काढली. १९९९ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, एक्स गेम्स स्पर्धेत हवेत अडीच गिरक्या घेणारी अत्यंत अवघड उडी त्यांनी साधली आणि त्याच वर्षी स्पर्धांचा निरोप घेतला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे. स्पर्धा सुटल्या, तरी हॉक केवळ कचेरीत बसणारे मालक झाले नाहीत. कंपनीच्या तरुण खेळाडूंबरोबर ते प्रात्यक्षिके करीत राहिले. मुलांसाठी खेळाची मैदाने उभारण्यास मदत करणारी संस्थाही त्यांनी स्थापन केली. फळीवर ज्याचे नाव छापलेले, तो माणूस स्वतः फळीवर दिसत राहिला. मात्र वयाचे भान त्यांनी सोडले नाही. २०२१ साली बावन्नाव्या वर्षी एक अवघड उडी घेऊन ‘ही या प्रकारची शेवटची’ असे त्यांनी जाहीर केले. एकेक धोकादायक उडी सुटत गेली. खेळाशी असलेले नाते मात्र टिकले.

मार्च २०२२ मध्ये त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्याच महिन्यात ते काठी टेकत ऑस्कर सोहळ्याच्या मंचावर आले. पुढे हाड नीट जुळले नाही, म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. मन कितीही उत्सुक असले, तरी हाड आपल्याच गतीने जुळते, हेही यातून ध्यानात घ्यावे.

उतारवयात खुब्याचे हाड मोडल्यास शस्त्रक्रियेनंतर शक्य तितक्या लवकर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, रुग्णाला उभे करावे लागते. पडून राहिल्यास स्नायू काही दिवसांतच क्षीण होऊ लागतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. अनेक ज्येष्ठ काठीच्या संकोचाने बाहेर पडणेच सोडतात. तो संकोच घालवणे हे कुटुंबीयांचे काम आहे.

आणखी एक विनंती. घरातील ज्येष्ठांना केवळ सत्काराच्या खुर्चीत बसवू नका. दुकान चालवलेल्या आजोबांना तासभर गल्ल्यावर बसू द्या. जुनी गिऱ्हाइके त्यांना ओळखतील. आजींकडे लोणच्याच्या फोडी मोजून घेण्यापेक्षा मिठाचे प्रमाण ठरवण्याचा अधिकार द्या. स्टुलावर चढणे, ओल्या फरशीवरून चालणे, अंधारात जिना उतरणे या ‘उड्या’ मात्र त्यांनी स्वतःहून सोडाव्यात.

पुढील तपासणीस येताना रक्तदाबाच्या नोंदींबरोबर या पंधरवड्यात त्यांनी कोणते काम केले, तेही लिहून आणा. मी ते आवर्जून वाचेन.