दोष लेपाचा नव्हता

ओहायोतल्या आमच्या नेमबाजी क्लबात नव्या माणसाला काडतुसं भरायला शिकवायची असली की माझ्याकडे पाठवत. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, डाय म्हणजे साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. २०२० साली दुकानांतली काडतुसं संपली, तेव्हा शिकायला येणारे बरेच वाढले. माझ्या शब्दाला वजन आलं ते त्या काळात, आणि म्हणूनच पुढची चूक माझ्या एकट्याची राहिली नाही.

मी नाइन एमएम पिस्तूल वापरतो. तोवर मी तांब्याचं कवच असलेल्या गोळ्या भरत होतो. त्या महागल्या म्हणून लेप दिलेल्या शिशाच्या गोळ्या आणल्या. उघडं शिसं नळीत चिकटतं, त्यावर लावलेल्या मेणाचा धूर होतो. लेपाच्या गोळीवर पॉलिमरचा थर भट्टीत साधारण २०० अंश सेल्सिअसला भाजून बसवलेला असतो, त्यामुळे शिसं नळीला लागत नाही. गोळी थोडी जाडही असते. कवचाची ०.३५५ इंच, तर ही ०.३५६. हा एक हजारांश इंच मुद्दाम ठेवलेला असतो. गोळीने नळी घट्ट भरली नाही, तर मागचा तापलेला वायू कडेने निसटतो आणि शिसं वितळवत पुढे जातो.

गोळी बदलली, पण डाय मी जुन्याच मापावर ठेवल्या. पुंगळीचं तोंड जेमतेम उघडत होतो. शेवटच्या डायमध्ये ते तोंड पुन्हा आवळतात, त्याला क्रिंप म्हणतात. तो मी कवचाच्या गोळीसाठीही जास्तच घट्ट ठेवला होता. त्यामागे एक खरी भीती होती. पिस्तुलात काडतूस वर चढताना गोळीचं नाक आपटतं. ती मागे सरकली, तर आतली जागा कमी होते आणि दाब झपाट्याने वाढतो. नाइन एमएमची पुंगळी लहान असल्याने तिथे हा धोका मोठा. आवळलं की गोळी हलणार नाही, असं मी धरून चाललो. नवख्यांनाही तेच सांगितलं.

काही दिवसांत लक्ष्याच्या कागदावर लांबट भोकं दिसू लागली. गोळी आडवी होऊन लागत होती. नळीत आट्यांच्या कडेने शिशाच्या करड्या रेघा जमल्या. मी एकदाही माझ्या डायकडे पाहिलं नाही. लेपच कच्चा आहे असं ठरवून टाकलं, गोळ्या बनवणाऱ्याला कडक पत्र लिहिलं आणि क्लबात सगळ्यांना त्या घेऊ नका म्हणून सांगितलं. त्याचं उत्तर सभ्य होतं: भरलेल्या काडतुसातून एक गोळी काढा, मोजा आणि कळवा. मला ते टाळाटाळीचं वाटलं. इतकी वर्षं हे काम केलेल्या माणसाला असं विचारतात, याचाच राग आला. उत्तर न देता मी नळी घासत बसलो, तीही हिवाळ्यात, गॅरेजचं दार बंद करून, हातमोजे न घालता.

पुढे दारूचं वजन तपासायचं होतं, म्हणून काही काडतुसं सोडवली. त्यासाठी हातोडीसारखं एक साधन असतं. त्यात काडतूस अडकवून जमिनीवर ठोकलं की गोळी सुटते. गोळी हातात आली तेव्हा तिच्याभोवती खोल वळ दिसला. तिथे लेप कापला जाऊन शिसं चमकत होतं. मायक्रोमीटरने मोजली, तर ०.३५३. मग एक न फोडलेलं काडतूस टेबलाच्या कडेवर दाबून पाहिलं. गोळी आत सरकली.

गोळी धरून ठेवते ती पुंगळीची भिंत. क्रिंपचं काम उघडलेलं तोंड परत सरळ करण्यापुरतंच असतं. जास्त आवळलं की पितळ आणि शिसं दोन्ही दबतात. डायमधून बाहेर येताच पितळ थोडं परत फुलतं, शिसं दबलेलंच राहतं आणि पकड सैल होते. ज्या अपघाताच्या भीतीने मी आवळत होतो, तोच अपघात मी प्रत्येक काडतुसात भरून ठेवत होतो.

भरलेली सगळी काडतुसं फोडली. मला खरी धास्ती होती ती इतरांची, म्हणून माझ्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला फोन केला. त्यांतल्या एकाने माझ्या सांगण्यावरून डाय लावली होती. त्याला इजा झाली नव्हती. पण त्याने माझं बोलणं ऐकून घेतलं, काडतुसं भरायची प्रेस विकून टाकली आणि क्लबात येणं थांबवलं. मी त्याला दोष देत नाही. त्याच वर्षी माझ्या रक्तातलं शिसं वाढलेलं निघालं. नळी घासण्याबद्दल सांगितल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, तो घरात येणाऱ्या लहान मुलांबद्दल. नातू सुट्टीत आमच्याकडेच असे. मुलांच्या रक्तात किती शिसं चालतं, याची सुरक्षित मर्यादा नाही. त्याची तपासणी ठीक आली. तिचा निकाल येईपर्यंत मुलीशी नीट बोलता येत नव्हतं.

गोळ्या बनवणाऱ्याला मी सगळं लिहून माफी मागितली, आणि क्लबात जितक्या लोकांसमोर त्याला नावं ठेवली होती, तितक्यांसमोर ती मागे घेतली. काहींनी तोवर दुसरीकडे खरेदी सुरू केली होती, ते परत त्याच्याकडे गेले नाहीत.

तुम्ही अशा गोळ्या भरत असाल, तर आज भरलेल्यांतलं एक काडतूस सोडवा आणि गोळी मोजा. आकडा कमी आला, तर उरलेली झाडू नका.