ॲल्डानिटीचा पाय

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस असे जवळजवळ नसतेच. कातडीच्या आत नडगीचे हाड, त्यामागून खुराकडे उतरणाऱ्या दोन कंडरा, एक वरची आणि एक खोलवरची, आणि हाडाला चिकटून एक जाड अस्थिबंध, एवढ्यावर पाचशे किलोंचे धूड धावते. पाय टेकला की घोट्याचा सांधा जमिनीकडे झुकतो, वरची कंडरा ताणली जाते आणि पाय उचलताना तोच ताण परत देऊन घोड्याला पुढे ढकलते. चौखूर धावताना हा ताण कंडरा तुटण्याच्या मर्यादेच्या फार जवळ जातो. शिवाय त्यातली काही ऊर्जा उष्णता होऊन आतच अडकते. भरधाव घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यात 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मोजले गेले आहे. म्हणून इजा बरेचदा कंडरेच्या मधोमध होते. पाहणाऱ्याला ती एका वाकड्या पावलाने झाल्यासारखी वाटते, पण झीज बहुधा आधीपासून साचत आलेली असते.

ॲल्डानिटीचे आयुष्य या कंडरांनीच ठरवले. 1970 साली यॉर्कशरमधील हॅरोगेट स्टडवर जन्मलेल्या या तांबड्या घोड्याचे नाव पैदास करणाऱ्याने आपल्या चार नातवंडांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून ठेवले. 1974 मध्ये प्रशिक्षक जॉश गिफर्ड यांनी त्याला ॲस्कटच्या लिलावात घेतले. अडथळ्यांच्या शर्यतींचा हा घोडा. उडी मारून जमिनीवर उतरताना पुढच्या पायांवर येणारा भार सपाट शर्यतीत नसतो. 1976 मध्ये कंडरा दुखावली आणि तो बराच काळ बाहेर राहिला. 1979 च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये तो तिसरा आला, स्कॉटिश ग्रँड नॅशनलमध्ये दुसरा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सँडाउनला पाय पुन्हा गेला.

अशा इजेवर पहिल्या दिवसांतले उपचार साधे असतात: थंड पाण्याची धार, बर्फ, घट्ट बांधलेली पट्टी, सूज उतरवणारे औषध आणि ठाणावर पूर्ण विश्रांती. कंडरेवर धनुष्यासारखा फुगवटा दिसतो, हात लावला तर गरम लागतो. खरी अडचण पुढे सुरू होते. काही आठवड्यांत सूज ओसरते, लंगडणे थांबते, आणि मालकाला घोडा बरा झाल्यासारखा वाटू लागतो. आत मात्र फाटलेल्या जागेचे भोक तसेच असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते काळ्या डागासारखे दिसते. ही तपासणी घोड्यांसाठी 1980 च्या दशकात रुळली. ॲल्डानिटीच्या वेळी पशुवैद्याकडे होती ती बोटे: पाय उचलून धरायचा, कंडरा चिमटीत घेऊन वरून खाली चाचपायची आणि घोडा कुठे पाय ओढून घेतो ते पाहायचे.

फाटलेली कंडरा पूर्वीसारखी कधीच होत नाही. तिच्या जागी व्रणाची ऊती येते. तिचे तंतू सुरुवातीला वेडेवाकडे आणि कमकुवत असतात. ताणाच्या दिशेने ते सरळ रेषेत येतात आणि बळकट होतात, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. यातच पुनर्वसनाची सगळी कोंडी आहे. ताण दिलाच नाही तर तंतू दिशा धरत नाहीत, आणि घाईने दिला तर नवी ऊती फाटते. म्हणून मोजून चालवणे हाच उपचार ठरतो. आधी रोज काही मिनिटे हाताने धरून कडक, सपाट जमिनीवर चालवायचे. दर आठवड्याला थोडा वेळ वाढवायचा. दोन-तीन महिन्यांनी सोनोग्राफी. मग स्वार बसवून चाल, मग थोडी दुडकी. दौडीचा विचार सहसा सहाव्या-आठव्या महिन्याआधी करत नाहीत, आणि पूर्ण कामावर यायला नऊ महिने ते दीड वर्ष जाते. खोल चिखल, मऊ वाळू आणि अरुंद गोल फेरे या काळात टाळावे लागतात.

वेळापत्रक लिहिणे सोपे, पाळणे कठीण. शर्यतीसाठी कमावलेले, चंदीवर पोसलेले जनावर चार भिंतींत उभे केले की ते लाथा झाडते, दारावर आदळते, आणि बाहेर काढताच दोन पायांवर उभे राहते. चंदी कमी करून गवतावर आणणे हे पहिले पथ्य. कित्येक महिन्यांची मेहनत हातातून सुटलेल्या एका दोरीने वाया जाते, आणि त्याला घोड्यापेक्षा माणसाची कुरणात मोकळे सोडण्याची घाईच जास्त जबाबदार असते. दुखऱ्या पायाचा भार शेजारच्या पायावर पडतो, तेव्हा नालबंदाला चारही खुरांकडे पाहावे लागते. या सगळ्यात मोतद्दाराचा धीर हे सर्वांत मोठे औषध, पण त्याची नोंद वैद्यकाच्या पुस्तकांत क्वचितच आढळते.

घाई करणाऱ्यांनी आडवाटाही शोधल्या. आपल्याकडे बैलांना डागण्या देतात तसे इंग्लंडमध्ये घोड्यांच्या पायांना तापलेल्या लोखंडाने डाग देत. ब्रिस्टल विद्यापीठात इयन सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचा उपयोग दिसला नाही; डागामुळे फक्त सक्तीची विश्रांती मिळत होती, ती डागाशिवायही देता येते. 2003 च्या सुमारास लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने घोड्याच्या छातीच्या हाडातील मज्जेतून मूळ पेशी काढून, वाढवून कंडरेत सोडण्याची पद्धत मांडली. रक्तबिंबिकांची इंजेक्शनेही आता नित्याची झाली आहेत. दोन्ही पद्धती आशादायक असल्या तरी मोजून चालण्याचे महिने वाचवत नाहीत.

आणि महिने पाळूनही हमी नसतेच. सलग 18 शर्यती जिंकलेल्या बिग बक्स या घोड्याची कंडरा 2012 च्या अखेरीस दुखावली. जानेवारी 2014 मध्ये तो परतला आणि तिसरा आला, मार्चमध्ये पाचवा आला, आणि त्याच दिवशी त्याला निवृत्त केले. ॲल्डानिटी मात्र सँडाउनच्या इजेनंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारी 1981 मध्ये ॲस्कटला परतला आणि जिंकला. पुढची शर्यत थेट ग्रँड नॅशनल: सुमारे सव्वासात किलोमीटर, तीस अडथळे. 4 एप्रिल रोजी कर्करोगातून उठलेल्या जॉकी बॉब चॅम्पियनला पाठीवर घेऊन तो चार लांबींनी पहिला आला. 1982 च्या ग्रँड नॅशनलमध्ये तो पहिल्याच अडथळ्यावर पडला आणि शर्यती संपल्या. 1987 मध्ये कर्करोग संशोधनासाठी निधी उभारायला तो लंडनपासून ग्रँड नॅशनलचे मैदान असलेल्या एन्ट्रीपर्यंत रोज टप्प्याटप्प्याने चालत गेला, आणि 1997 मध्ये मेला.