उतार, घड्याळ आणि शिधा

अमेरिकेच्या पश्चिम भागातील ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस कॅन्यन आणि आर्चेस ही राष्ट्रीय उद्याने कोलोरॅडो पठारावर एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर असल्यामुळे आठवडाभराच्या तंबू-सहलीत ती सहज एकत्र गुंफली जातात. अशा सहलीत पर्यटकांची व्हॅन चालवणारा, पायवाटेवर पुढे चालणारा आणि संध्याकाळी शेगडी पेटवणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याचे कौशल्य खडकांची आणि प्राण्यांची माहिती सांगण्यात आहे असा समज आढळतो. परंतु दऱ्या आणि कमानी कोणालाही दिसतातच, त्यांच्यापाशी कोणत्या घटकेला पोहोचायचे आणि तिथून केव्हा पाय काढायचा हे मात्र त्यालाच ठरवावे लागते, आणि त्याच्या कामाचा कस तिथेच लागतो.

मुळात वेळ किती झाली, हादेखील या प्रदेशात साधा प्रश्न नाही. उन्हाळ्यात उजेडाचा अधिक उपयोग व्हावा म्हणून घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत युटा राज्य पाळते, ॲरिझोना पाळत नाही, आणि ॲरिझोनातच मोठा विस्तार असलेले नवाहो राष्ट्र, म्हणजे त्या आदिवासी समाजाचा स्वशासित प्रदेश, पुन्हा पाळते. त्यामुळे ग्रँड कॅन्यनहून नवाहो प्रदेशातून मॉन्युमेंट व्हॅलीकडे निघालेल्यांचा एक तास राज्याची हद्द ओलांडण्यापूर्वीच हातचा जातो. जवळच्या मनोऱ्यानुसार मोबाइलही वेळ बदलत राहतात. म्हणून जाणता मार्गदर्शक मनगटी घड्याळ वापरतो आणि सर्वांनी त्याच घड्याळाप्रमाणे चालावे असे पहिल्याच दिवशी बजावतो.

या हिशेबाची खरी कसोटी ग्रँड कॅन्यनमधील ब्राइट एंजल वाटेवर लागते. सह्याद्रीतील गड चढलेल्या मराठी माणसाला दमछाक आधी आणि उतार नंतर हा क्रम अंगवळणी पडलेला असतो. इथे तो नेमका उलटा आहे. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आणि दरीच्या तळाची नदी त्याच्या सुमारे १,४०० मीटर खाली असल्यामुळे सकाळच्या गारव्यात ताज्या पायांनी उतरणे सुखाचे वाटते, हवा मात्र प्रत्येक वळणागणिक तापत जाते, आणि चढण वाट्याला येते ती थकल्यावर, भर उन्हात. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला राखून ठेवावा, आणि उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत दरीच्या पोटात चालणे टाळावे, असे ठोकताळे इथे रूढ आहेत. ते सांगणे सोपे असते. तीन मैलांवरच्या विश्रांतिस्थानाचे छप्पर खाली दिसत असताना दीड मैलावरूनच सर्वांना परत फिरवणे अवघड असते, कारण त्या क्षणी कोणालाच थकवा जाणवत नसतो. खारी बिस्किटे आणि शेंगदाणे मार्गदर्शक आग्रहाने वाटतो त्यालाही कारण आहे: घामावाटे मीठ निघून गेल्यावर नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते, आणि ही अवस्था वरवर पाहता उष्माघातासारखीच भासते.

झायनमध्ये दोन उभ्या भिंतींमधून वाहणाऱ्या व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालण्याची नॅरोज ही वाट आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात दुपारची वादळे दूरवर कोसळली तरी उघड्या खडकावर पाणी मुरत नसल्यामुळे माथ्यावर निळे आकाश असताना लोंढा येऊ शकतो. पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा काटक्या वाहत येऊ लागल्या की वाद न घालता उंच जागा गाठावी लागते. हवामानाचा अंदाज वाईट असेल तर त्या दिवशी नदीत न उतरणे हेच शहाणपण, मग पर्यटकांनी कितीही तोंडे पाडली तरी.

स्वयंपाकाची बाजू मात्र सहसा दुर्लक्षित राहते. थंडपेटीतील बर्फ हाच तिथला खरा कोठारप्रमुख असतो: खडे लवकर विरघळतात म्हणून लादी घ्यायची, कच्चे मांस घट्ट बांधून तळाशी ठेवायचे व पहिल्या दोन रात्रींतच संपवायचे, आणि पेटी शक्य तितकी कमी वेळा उघडायची. भांडी तीन टबांत धुतली जातात, पहिल्यात साबणाचे गरम पाणी, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, तिसऱ्यात जंतू मारण्यापुरते क्लोरिनचे द्रावण. खरकटे गाळून कचऱ्यात जाते, कारण वासाने आलेला प्राणी पुन्हा येतोच. ब्राइसच्या तळावर, सुमारे २,४०० मीटर उंचीवर, पाणी ९२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. भात रेंगाळतो, भिजवलेला राजमा साध्या पातेल्यात तासन्‌तास ठेवूनही कडकच राहतो, आणि शेगडीचा गॅस तेवढा संपतो. तिथे डबाबंद राजमा उघडणाऱ्या मार्गदर्शकाला कोणी आळशी म्हणते, पण त्याच्या पर्यटकांना अंधार पडण्याआधी गरम जेवण मिळालेले असते.