हँडल किती वर?

अखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की सुरतच्या पांडेसऱ्यात माझ्या गॅरेजवर हँडल उंच करून घेणारे वाढतात. जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंग मिलांत राबणारी खान्देशची बरीच माणसं बाइकनेच गावाकडे निघतात. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. धुळ्याकडे जायचं तर पुढे कोंडाईबारीचा घाट. "हातले मुंग्या येतस भाऊ," ही तक्रार ठरलेली. कुणीतरी सांगितलेला इलाजही ठरलेला: रायझर टाका, म्हणजे हँडलखाली ठोकळा.

मी आधी रायझरला हात लावत नाही. गाडी मेन स्टँडवर लावून गिऱ्हाइकाला बसवतो, डोळे मिटून हात पुढे न्यायला सांगतो. मनगट सरळ, कोपर किंचित वाकलेलं, खांदे सैल. हात जिथे थांबतील तिथे मुठी हव्यात. बऱ्याचदा क्लॅम्प ढिला करून हँडल जरासं मागे फिरवलं, लिव्हर बोटांच्या रेषेत आणले की काम भागतं. (अशाने धंदा बुडेल, असं शेजारचा सीटकव्हरवाला म्हणतो.)

खरंच गरज असेल तर २० मि.मी.चा ठोकळा, फार तर ३०. फोर्क मागे कललेला असतो. त्याच रेषेत ठोकळा चढवला की हँडल वर जाताजाता अंगाकडेही सरकतं. कल २६ अंशांचा असेल तर ३० मि.मी.ला साधारण १३ मि.मी. बुटक्या माणसाला ते सोयीचं. उंच माणसाची मात्र कोपरं वळणावर बरगड्यांना भिडतात. शिवाय पाठ ताठ झाली की पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि हायवेचा वारा थेट छातीवर येतो.

उभ्याने चालवणाऱ्याचं गणित निराळं. हिमालयन बाइकवर दगडधोंड्यांतून फूटरेस्टवर उभं राहून जायचं तर मुठी वर हव्यातच. परदेशात खोल, भुसभुशीत बर्फात स्नोमोबाइल चालवणारेही उभ्यानेच तोल सांभाळतात, म्हणून त्यांचे रायझर उंच. बायकापोरांसह स्प्लेंडरवर बसणाऱ्याने ती मापं उचलू नयेत.

खरी हद्द ठरवते ती वायर. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पुरतं फिरवतो. आवाज चढला तर एक्सलेटरची वायर ताणली जातेय. मग क्लचची ढील आणि डिस्क असेल तर ब्रेकचा होज बघतो. लांब वायर टाकायला जो नाही म्हणतो, त्याचा ठोकळा काढून त्याच्या हातात देतो.