लाखेचा हात

जुन्या कॅम्परचं लाकूड रस्त्यावरून दिसत नाही. दिसतो तो ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावरचा रंगीत पट्टा आणि तो बुटका गोलसर आकार, ज्याच्यामुळे अमेरिकेत या गाड्यांना ‘कॅन्ड हॅम’ म्हणायची रीत पडली. पण १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या, मोटारीमागे जोडून न्यायच्या या गाड्या म्हणजे मुळात सुतारकाम. पाइनच्या नाहीतर फरच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा, आतून जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचं बर्चचं प्लायवूड, बाहेरून पत्रा. पत्रा दीर्घायुषी असतो. लाकूड मात्र खिडकीच्या चौकटीतून, छतावरच्या झडपेतून, कोपऱ्यातल्या पट्टीखालून आलेलं पाणी वर्षानुवर्षं पीत राहतं आणि तक्रार करत नाही. एक दिवस स्क्रू आवळायला जावं, तर तो नुसताच गरगरतो. त्याला धरून ठेवायला मागे लाकूडच उरलेलं नसतं.

मिशिगनमध्ये आमच्या घरामागे अशी एक गाडी सध्या पत्रा उतरवून उभी आहे. सांगाडा नवऱ्याकडे, रंगाचं खातं माझ्याकडे. कुजलेल्या पट्ट्या तो लगेच फेकत नाही. नव्या लाकडावर ठेवून त्यांची कड पेन्सिलने गिरवून घेतो. जुनं लाकूड जाता जाता नव्याला आपला आकार देऊन जातं. मी कपाटांची दारं, खण, बाकांच्या फळ्या लाकडी घोड्यांवर मांडते आणि त्यांच्या अंगावरचे जुने रंग उतरवते. एकेका थराबरोबर एकेक मालक भेटतो. वरचा पांढरा अलीकडचा. त्याला सगळं उजळ हवं होतं. त्याखाली चॉकलेटी, त्याखाली फिकट निळा. आणि बिजागरीच्या पत्रीखाली, जिथे कुणाचाच ब्रश पोचला नव्हता, तिथे मूळ बर्च पिवळसर चकाकत होतं. ही ओळख जपून करून घ्यावी लागते. घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेत १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या थरांची कोरडी धूळ उडवायची नसते. पाणी मारून, ओलं ठेवून घासायचं आणि नाकातोंडावर मास्क बांधायचा.

घरात आपण दिसणारी बाजू आधी रंगवतो. इथे क्रम उलटा. पातळ प्लायवूडच्या एकाच बाजूला हात दिला, तर दमट हवेत त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या चालीने फुगतात आणि फळी बाक धरते. म्हणून भिंतीकडे तोंड करून राहणाऱ्या बाजूलाही पुढच्याइतकाच मान. फळीचं कापलेलं टोक तर सगळ्यांत तहानलेलं. झाड जिवंत असताना ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढायचं, त्यांची तोंडं तिथे उघडी असतात. झाड गेलं तरी नळ्या जुनी सवय सोडत नाहीत. पहिला ब्रश त्या टोकांवर, आणि हातही एक जास्तीचा. पाणी फक्त पावसाचंच येतं असंही नाही. थंडीच्या रात्री दोन माणसं त्या एवढ्याशा खोलीत झोपली, की त्यांच्या श्वासाची वाफ गार पत्र्यावर, काचांवर आणि जिथे डोळा पोचत नाही अशा सांध्यांत जाऊन बसते. नजर आणि ओल यांच्या वाटाच वेगळ्या.

बर्चसाठी इथली जुन्या गाड्यांची दर्दी मंडळी ॲम्बर शेलॅकचं नाव घेतात. डबा उघडला की काकवीच्या रंगाचा पातळ द्रव आणि नाकात घुसणारा स्पिरिटचा वास. व्हिडिओ कॉलवर सांगलीला बाबांना डबा दाखवला, तर ते हसायलाच लागले. “अगं, हे तर आपलं स्पिरिट पॉलिश! चपडा रात्रभर भिजत घालायचा, सकाळी गाळून घ्यायचा आणि बोळ्याने फिरवायचा. डब्यात कसलं विकत आणतेस?”

बाबांचं खरं होतं. शेलॅक म्हणजे लाखच. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे इवले किडे चिकटून बसतात, झाडाचा रस पितात आणि स्वतःभोवती राळेचं कवच उभारतात. फांद्या खरवडून, धुऊन, वितळवून त्याची लाख होते. झारखंड तिचं मोठं आगर. रांचीजवळ नामकुमला लाखेवरची संशोधन संस्था १९२४ पासून आहे. विदर्भात गोंदिया-गडचिरोलीकडच्या पळसांवरही लाख धरते. जुन्या पद्धतीत कापडाच्या लांब पिशवीत लाखेचे दाणे भरून ती निखाऱ्यांसमोर पिळतात. पाझरलेली लाख गरम असतानाच कारागीर हातापायांनी आणि दातांनी ताणून तिचा पातळ पापुद्रा करतो. तो मोडला की चपडा. बालगंधर्वांचा आवाज ज्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घराघरांत पोचला, त्यांतही हीच लाख होती.

अमेरिकेत लाखेचं एक मोठं नाव म्हणजे झिन्सर. विल्यम झिन्सर १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये या धंद्यात उतरला. त्याचा त्याच नावाचा पणतू मात्र लाखेत रमला नाही. पत्रकार झाला आणि १९७६ साली त्याने ‘ऑन रायटिंग वेल’ हे पुस्तक लिहिलं. वाक्यातला फाफटपसारा काढा, हा त्याचा आग्रह. घराण्याचा धंदा त्याने सोडला, पण पॉलिशवाल्याची शिस्त सोडली नाही असं मला वाटतं. लाखेचाही नियम तोच: पातळ हात द्या, आणि वाळत असताना पुन्हा त्यावरून ब्रश फिरवू नका.

मला या रंगाची भूल पडली ती त्याच्या चकाकीने नव्हे. पॉलियुरेथेनचा दुसरा हात पहिल्यावर नुसता चिकटतो, आणि तोही खालचा थर पॉलिश पेपरने घासून घेतला तर. त्याला चरा पडला की ठिगळ दिसतंच. लाखेचं तसं नाही. नव्या हातातलं स्पिरिट खालचा वाळलेला थर थोडा विरघळवतं आणि दोन्ही मिळून एकच थर होतो. बिजागरीखाली उरलेल्या त्या पिवळसर कडेवर मी ब्रश फिरवला, तेव्हा कारखान्यातला कुणाचा तरी हात कुठे संपला आणि माझा कुठे सुरू झाला, हे थोड्या वेळाने मलाच सांगता येईना. पाण्याचे तपकिरी डागही लाख अडवते. साध्या रंगातून ते पुन्हा वर डोकावतात.

लाख नाजूक आहे, हे मान्य. गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, दारू सांडली की लाख मऊ पडते. म्हणून जेवणाच्या फळीला आणि बेसिनच्या कडेला मी व्हार्निशच दिलं. पण स्पिरिटचा किंचित ओला बोळा हलकेच फिरवला, की लाखेवरचं वर्तुळ बहुतेकदा निघून जातं. सहज दुखावणारी आणि सहज बरी होणारी वस्तू, न दुखावणाऱ्या पण एकदा बिघडली की कायमची बिघडणाऱ्या वस्तूपेक्षा बरी, असं माझं मत झालं आहे. या गाडीचा पुढचा मालक आम्हाला ठाऊक नाही, पण तो येणार हे नक्की. त्याला सगळं खरवडावं लागू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तेव्हा गाडी असो, घराचं दार असो की आजीचा पाट, रंगाचा डबा घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: दहा वर्षांनी हा खराब झाला, तर दुरुस्त कसा करायचा? “सगळा खरवडून काढायचा,” असं उत्तर आलं, तर सरळ दुसरा डबा मागा.