मालदीवचं रिसॉर्ट निवडताना : खोली नंतर, आधी बेट बघा

मोबाइलवर मालदीवचे फोटो बघताना सगळी रिसॉर्ट्स सारखीच दिसतात. निळंशार पाणी, पाण्यावर उभ्या लाकडी खोल्यांची रांग, पांढरी वाळू आणि तरंगत्या ट्रेमध्ये सजवलेला नाश्ता. मग निवड होते ती भाव बघून, नाहीतर ज्याचा फोटो जास्त आवडला ते बघून. पण मुंबईहून थेट विमानाने साधारण ३ तासांवर असलेल्या या देशात खोलीइतकंच, किंबहुना तिच्यापेक्षा जास्त, महत्त्व असतं बेटाला. कारण तिथे तुम्ही नुसती खोली घेत नाही, तर पुढच्या चार-पाच दिवसांचं अख्खं जग निवडता.

एक बेट, एक रिसॉर्ट

मालदीवमध्ये सुमारे १,२०० छोटी-छोटी प्रवाळ बेटं आहेत. स्थानिक लोकांची वस्ती त्यातल्या २०० पेक्षाही कमी बेटांवर आहे. १९७२ मध्ये कुरुंबा इथे देशातलं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे एका बेटावर एकच रिसॉर्ट ही पद्धत रुळली. वीज बनवणारे जनरेटर, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, स्वयंपाकघर, दवाखाना, सगळं ज्याचं त्याचं. भाजीपासून दुधापर्यंत जवळपास प्रत्येक गोष्ट बोटीने येते. इथल्या महागाईचं मोठं कारण हेच.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. गोव्यात हॉटेलचं जेवण आवडलं नाही तर स्कूटर काढून दुसरीकडे जाता येतं. इथे बेटाबाहेर जायचं म्हणजे बोट, आणि बोट म्हणजे डॉलर. म्हणून बुकिंगआधीच सगळं विचारून घ्यायला हवं.

घरातलं कोण-कोण येणार?

मधुचंद्राला निघालेल्या जोडप्याला जे बेट स्वर्ग वाटेल, तेच आजी-आजोबा आणि चार वर्षांच्या नातवाला घेऊन गेलात तर त्रासाचं ठरू शकतं. काही रिसॉर्ट्समध्ये लहान मुलांना प्रवेशच नसतो. काही ठिकाणी ठरावीक वयाखालच्या मुलांना पाण्यावरच्या खोलीत राहू देत नाहीत. याउलट काही बेटांवर मुलांसाठी खेळघर, उथळ तलाव आणि सांभाळायला माणसं असतात.

एक सोपा नियम ठेवा. घरातल्या ज्या माणसाला सगळ्यात जास्त अडचण येऊ शकते, त्याच्या नजरेने बेट निवडा. गुडघे दुखणारी आई, पोहता न येणारे बाबा, समुद्राला घाबरणारं मूल. त्यांची सोय झाली की बाकीच्यांची मजा आपोआप होते.

विमानतळापासून बेटापर्यंत

राजधानी मालेजवळच्या वेलाना विमानतळावर उतरलात म्हणजे पोहोचलात असं नाही. जवळच्या बेटांवर स्पीडबोट नेते. लांबच्या बेटांसाठी सीप्लेन किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे बोट.

सीप्लेनचा प्रवास विलक्षण सुंदर असतो. खाली निळ्या पाण्यात हिरवट कड्यांसारखी बेटं दिसतात. पण जवळपास १५ माणसांचं हे छोटं विमान फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारी साडेतीन-चारनंतर मालेत उतरणार असेल, तर ती रात्र विमानतळाजवळच काढावी लागण्याची शक्यता मोठी. परतीचं विमान पहाटेचं असेल तरी तेच. म्हणजे ‘५ रात्री’च्या पॅकेजमधल्या खऱ्या ४ रात्रीच बेटावर जातात. सामानाचीही मर्यादा असते, साधारणपणे २० किलो आणि हातातलं ५ किलो. जाण्या-येण्याचं भाडं अनेक ठिकाणी माणशी ४०० ते ६०० डॉलर पडतं. चौघांच्या कुटुंबाला ही रक्कम खोलीच्या दोन-तीन दिवसांच्या भाड्याइतकी भरू शकते.

स्पीडबोट तुलनेने स्वस्त आणि बऱ्याच ठिकाणी रात्रीही मिळते. मात्र पावसाळी महिन्यांत समुद्र खवळलेला असतो तेव्हा बोट चांगलीच आपटते. पाठदुखी असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तासभराचा बोटप्रवास घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. ज्येष्ठ सोबत असतील तर विमानतळापासून अर्ध्या तासाच्या आतलं बेट उत्तम. बेटावर डॉक्टर राहतात का, हेही विचारा. मालेत भारताच्या मदतीने उभं राहिलेलं इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटल आहे. गरज पडली तर तिथे किती वेळात पोहोचता येईल, हे माहीत असलं की मनाला स्वस्थता मिळते.

पाण्यावरची खोली की वाळूवरची?

पाण्यावरच्या खोलीचं आकर्षण खरंच आहे. दार उघडलं की पायऱ्या थेट समुद्रात. पण या खोल्या लांब लाकडी पुलावर असतात. जेवणघरापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालायचं किंवा बग्गीची वाट बघायची. गच्चीला नेहमीच पूर्ण कठडा असतो असं नाही. लहान मूल असेल तर आईबाबांचं लक्ष चार दिवस त्या पायऱ्यांवरच राहतं.

किनाऱ्यावरची खोली बहुधा स्वस्त, मोठी आणि झाडांच्या सावलीत असते. मूल दारासमोर वाळूत खेळतं, आजी ओट्यावर बसून बघते. दोन्हीची हौस असेल तर तीन रात्री किनाऱ्यावर आणि शेवटची एक पाण्यावर, अशी विभागणी अनेक रिसॉर्ट्स करून देतात. सूर्यास्त दिसणाऱ्या बाजूच्या खोल्यांचे पैसे जास्त असतात. सूर्यास्त तर किनाऱ्यावर फिरत गेलात तरी दिसतो, तो फुकट बघा.

पाण्याखाली काय आहे?

बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याला ‘हाउस रीफ’ म्हणतात. काही बेटांवर हा कडा किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर असतो. चष्मा आणि नळी लावून पाण्यात उतरलात की रंगीत मासे, कासवं दिसतात आणि त्यासाठी वेगळी बोट, वेगळे पैसे लागत नाहीत. काही बेटांभोवती मात्र उथळ, शांत, वाळूचा पसरट पट्टा असतो. तिथे मासे कमी, पण पोहता न येणाऱ्यांनाही कमरेइतक्या पाण्यात निवांत डुंबता येतं.

दोन्ही गोष्टी एकाच बेटावर क्वचित मिळतात. म्हणून आपल्या घराला काय हवं ते आधी ठरवा. उपग्रहाच्या नकाशावर बेट मोठं करून बघा. फिकट निळा पट्टा रुंद दिसला तर पाणी उथळ. गडद निळा रंग किनाऱ्याजवळच सुरू झाला तर कडा जवळ. जाहिरातीतल्या फोटोपेक्षा हा नकाशा जास्त खरं सांगतो.

१९९८ आणि २०१६ मध्ये समुद्राचं पाणी तापल्यामुळे इथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं. त्यामुळे ‘रीफ सध्या कशी आहे’ असं विचारायला संकोचू नका. आणि पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर उभे राहू नका. तो दगड नाही, जिवंत वस्ती आहे.

जेवण, चहा आणि बाबांची भूक

खोलीसोबत फक्त नाश्ता, नाश्ता आणि एक जेवण, तिन्ही वेळचं जेवण किंवा ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ असे पर्याय मिळतात. फक्त नाश्त्याचा पर्याय स्वस्त दिसतो. पण बेटावर दुसरं दुकान नाही, दुसरं हॉटेल नाही.

आईवडील सोबत असतील तर पुढचं चित्र तुमच्या ओळखीचं असेल. बाबा मेनू हातात घेतात, डॉलरचा भाव मनातल्या मनात रुपयांत करतात आणि म्हणतात, “मला आज फारशी भूक नाही.” आई एकाच थाळीत दोघांचं भागवते. मुलाने हौसेने आणलेलं असतं, पण प्रत्येक चहामागे त्यांचा हिशेब चालू राहतो. अशा वेळी चार दिवस कमी करा, हवं तर साधं रिसॉर्ट घ्या, पण सगळं आधीच भरलेलं असू द्या. बिल समोर येणारच नाही हे कळलं की तेच बाबा दुसऱ्यांदा आइसक्रीम मागतात.

‘ऑल इन्क्लुझिव्ह’ची व्याख्या मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. पाण्याची बाटली, ताजा रस, बोटीची सफर यातलं काय धरलंय ते लेखी घ्या. शाकाहारी किंवा जैन जेवण लागत असेल तर आधी कळवा. अनेक रिसॉर्ट्समध्ये भारतीय आचारी असतात. सोबत चिवडा-लाडू असले की मुलांची मधली भूक भागते.

किमतीतले लपलेले आकडे

भावापुढे ‘प्लस प्लस’ लिहिलं असेल तर सावध व्हा. त्यात साधारण १० टक्के सेवाशुल्क आणि जुलै २०२५ पासून लागू झालेला १७ टक्के पर्यटन कर वाढतो. शिवाय २०२५ पासून रिसॉर्टमध्ये दर माणशी दर दिवशी १२ डॉलर हरित कर आहे. दोन वर्षांखालच्या बाळांना तो लागत नाही.

समजा खोलीचा भाव ४०० डॉलर आहे. सेवाशुल्क धरून ४४०, त्यावर कर धरून सुमारे ५१५. आई, बाबा आणि सहा वर्षांचं मूल मिळून हरित कर ३६. म्हणजे ४०० ची रात्र सुमारे ५५१ डॉलरला पडली. यात अजून सीप्लेन आलेलं नाही. म्हणून दोन रिसॉर्ट्सची तुलना रात्रीच्या भावावर नको. प्रवास, कर, जेवण धरून सगळ्या मुक्कामाची एक रक्कम मागा आणि मगच ठरवा. नाताळ-नववर्षात जाणार असाल तर ‘गाला डिनर’ सक्तीचं आहे का, तेही विचारा.

कधी जावं?

जानेवारी ते एप्रिल आकाश स्वच्छ, समुद्र शांत आणि भाव चढे. मे ते ऑक्टोबर पाऊस आणि वारा, पण भाव उतरलेले. मुलांची मे महिन्याची सुट्टीच हाताशी असेल तर निराश होऊ नका. पाऊस अनेकदा सर येऊन जावी तसा येतो. शिवाय बा अटोलमधल्या हनिफारू उपसागरात मोठाले मँटा रे मासे जमतात ते याच पावसाळी महिन्यांत.

बजेट कमी असेल तर?

२००९ नंतर वस्तीच्या बेटांवरही पाहुण्यांसाठी गेस्टहाउस सुरू झाली. माफुशी, धिगुरा अशा बेटांवर तीन रात्री आणि शेवटच्या दोन रात्री रिसॉर्टमध्ये, असा बेत खिशाला झेपतो. गावात मशीद, शाळा, किराणा दुकान, मासळी घेऊन आलेल्या बोटी दिसतात. देश कळतो तो इथेच. मात्र गावात अंगभर कपडे घालावेत. पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा राखलेला असतो.

बॅग भरण्याआधी

भारतीयांना पोहोचल्यावर पर्यटक व्हिसा मोफत मिळतो. प्रवासाआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरावी लागते. दारू आणि व्हेप नेता येत नाही. पूजेच्या मूर्ती नेण्यासही मनाई आहे, तेव्हा प्रवासात सोबत बाळगायची छोटी गणेशमूर्ती या वेळी घरीच देव्हाऱ्यात राहू द्या.

शेवटी, पैसे भरण्याआधी रिसॉर्टला एक ईमेल लिहा. त्यात घरातल्या प्रत्येकाचं वय, कोणाला पोहता येत नाही, कोणाला पायऱ्या चढवत नाहीत, कोण काय खातं, हे सगळं लिहा आणि एकूण रक्कम विचारा. उत्तर किती नीट येतं, त्यावरून तिथे गेल्यावर तुमच्या माणसांकडे किती लक्ष दिलं जाईल याचा बराचसा अंदाज येतो.